घसरणीला लागलेला माल विकायचा कसा, आणि थांबायचं कधी?

फ्लायव्हील (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं ऑइल इंजिनच्या स्पेअर पार्टचं काम आहे. लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं), हेड, बुश, फ्लायव्हील असा माल. कास्टिंग शिरोलीच्या फौंड्रीतून येतं, मशीनिंग आमच्याकडं. वडिलांच्या काळात नदीकाठाला, विहिरीवर, गुऱ्हाळावर सगळीकडं इंजिनाचा ठोका ऐकू यायचा आणि हंगामाच्या तोंडाला मिस्त्री लोक सकाळपासून दुकानात बसून असायचे. आज त्या जागी मोटारी आहेत आणि बऱ्याच रानात आता सोलरच्या प्लेटा.

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. डिझेल नव्वदीच्या पुढं. राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल माफ. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकीचं अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यावर साडेसात. या हिशेबापुढं नवं इंजिन कोण घेईल? आणि आज नवं इंजिन खपलं नाही, तर पुढं काही वर्षांनी त्याचा लायनरही खपत नाही.

मला सल्ले दोनच मिळतात. एक, "बंद कर आणि गाळा भाड्यानं दे." दुसरा, "ऑनलाइन टाक, जाहिरात कर, भाव पाड." पहिल्याबद्दल नंतर बोलू. दुसरा आमच्या मालाला लागूच होत नाही. स्वस्त मिळतोय म्हणून कुणी जास्तीचा लायनर घेत नाही. इंजिन चालू असेल आणि लायनर झिजला असेल तरच तो लागतो. आम्ही भाव निम्म्यावर आणला तरी जिल्ह्यातलं एकही बंद इंजिन परत सुरू होणार नाही. जाहिरातीचंही तेच. तिच्यातून गरज तयार होत नाही.

मग उरतं काय? जुनी बिलबुकं काढून बसलो. अजून माल नेणारे कोण, हे नावानिशी लिहून काढलं. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगरी भागातले आणि घाटाखालचे लोक, जिथं पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. काँक्रीट मिक्सरवाले ठेकेदार. नदीकाठचे काही बागायतदार, ज्यांनी २०१९ आणि २०२१ च्या पुरात मोटारी बुडताना पाहिल्या आणि जुनं इंजिन मोडीत घालायचं नाही असं ठरवलं. यातला जवळजवळ कुणीही स्वतः दुकानात येत नाही. येतो त्यांचा मिस्त्री. म्हणजे आमचं खरं गिऱ्हाईक शेतकरी कधीच नव्हता.

ही यादी डोळ्यांसमोर आल्यावर बरंच सुचलं, पण आधी तुमचं ऐकायचं आहे. ज्यांच्या धंद्यातला एखादा माल असा कायमचा उतरणीला लागला, त्यांनी काय केलं? भाव, उधारी, डीलर, जुना स्टॉक, कामगार, सगळ्यावर लिहा.


गूळमोदक · सोमवार, रात्री ९:५०

लई गरजेचा इषय काढलासा दादा. आमचं मार्केट यार्डात गुळाचं हाय. आमच्याकडं बी सगळी म्हणत्यात गूळ संपला. गुऱ्हाळं कमी झाली ही खरंच हाय. कारखाना ऊस तोडून नेतोय, एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवल्याला उसाचा दर, देतोय, मग शेतकरी गुळव्याच्या आन् जळणाच्या मागं कशाला लागंल? गुऱ्हाळावर रात्रंदिस राबणारी माणसंच मिळंनात.

पण मी म्हणतो, गूळ खाणं थांबलंय का? न्हाई. तीस किलोचा रवा घरात न्यायचं थांबलंय. पूर्वी एका घरात धा-पंधरा माणसं, वर्षाचा गूळ एकदम भरायची. आता चार माणसं, फ्लॅटात डबा ठेवायला जागा न्हाई. मग आम्ही किलोचा, अर्ध्या किलोचा रवा काढला, वड्या काढल्या, पावडर काढली. काकवी बाटलीत भरली. च्याच्या गाड्यांवर गुळाचा च्या आल्यापास्नं पावडरीचं गिऱ्हाईकच वेगळं झालंय.

रंगाचं सांगतो. पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून लोकं रसात रसायनाच्या पावडरी टाकत व्हती. आता भेंडीच्या चिकानं मळी काढून केलेला तांबूस गूळ मागून नेत्यात आन् जादा पैसं देत्यात. तवा आधी बगा, माल मरतोय का मालाचं रूप मरतंय.


फ्लायव्हील · सोमवार, रात्री १०:२०

@गूळमोदक, अण्णा, हा फरक फार मोलाचा आहे. गुळाचं काम, म्हणजे गोडवा, लोकांना आजही हवाय. इंजिनाचं काम होतं पाणी उपसणं. तेही हवंच आहे, पण ते आता दुसरं यंत्र करतंय. तुमच्याकडं आकार बदलून भागलं. आमच्याकडं लायनर अर्धा किलोच्या पाकिटात देता येत नाही.


वाणिज्यसर · सोमवार, रात्री ११:०५

या विषयाचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण धागाकर्त्याने जे बिलबुकातून काढलं तेच त्यात आहे.

उत्पादनाच्या आयुष्याचे प्रवेश, वाढ, स्थिरता आणि घसरण हे टप्पे आपण वर्गात शिकवतो. थिओडोर लेव्हिट यांच्या १९६५ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखाने ही मांडणी व्यवस्थापकांच्या हातात दिली. घसरणीवर मात्र सगळ्यात कामाचं लेखन कॅथरिन हॅरिगन आणि मायकेल पोर्टर यांचं, त्याच नियतकालिकात, १९८३ चं. त्यांनी चार वाटा सांगितल्या.

पहिली, उरलेल्या बाजारात सगळ्यात मोठं व्हायचं. इतरांना बाहेर पडायला मदत करायची, प्रसंगी त्यांचा धंदा विकत घ्यायचा. दुसरी, टिकणारा एक कोपरा धरायचा. तिसरी, नवी गुंतवणूक थांबवून येईल तेवढा पैसा काढून घ्यायचा. चौथी, भाव मिळतोय तोवर विकून मोकळं व्हायचं.

यातली कुठली निवडायची ते दोन गोष्टींवर ठरतं. मागणी कशी उतरतेय, सावकाश आणि अंदाज येईल अशी की अचानक? आणि तुमचे स्पर्धक सहज बाहेर पडू शकतात का? ज्यांचं यंत्र दुसऱ्या कशाला चालत नाही ते अडकतात, आणि अडकलेला माणूस तोट्यातही भाव पाडत राहतो. तिथे थांबणाऱ्याचीही कमाई जाते. व्हॅक्यूम ट्यूबचं उदाहरण बघा. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून ट्यूब गेली, पण गिटारच्या अँप्लिफायरमध्ये आजही वापरतात. त्या कोपऱ्यातला माणूस भावावर घासाघीस करत नाही.

एक इशाराही देतो. धल्ला आणि युस्पे या दोघांनी १९७६ मध्येच लिहिलं होतं की कंपन्या एखादा माल 'घसरणीत' आहे असं ठरवतात, त्याच्यावरचा खर्च तोडतात आणि त्या तोडण्यानेच तो माल मरतो. म्हणून निदान आधी पक्कं करा. धागाकर्त्याने डिझेल, वीजबिल आणि सोलरचं गणित मांडून ते केलंय.


कापशी · मंगळवार, सकाळी ७:४०

मी चप्पल लाइनमध्ये सासऱ्यांसोबत दुकान बघते. सरांच्या शेवटच्या मुद्द्यावर बोलायचं आहे.

आमच्या मालालाही गेली कित्येक वर्षं 'संपत चाललेला' म्हणतात. आम्ही रोज काउंटरवर उभे असतो, आम्हाला वेगळं दिसतं. कोल्हापुरी मागणारे कमी झालेले नाहीत. कोल्हापुरीच्या नावावर रेक्झिनची, फोमची, यंत्रावर दाबलेली चप्पल घेणारे वाढलेत. खरी चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, हातानं शिवलेली. तिला लागणारे दिवस आणि दाबलेल्या चपलेला लागणारी मिनिटं यांची तुलना भावात होते आणि कारागीर हरतो. त्यात २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचं कातडं इथं मिळेना, त्याचा खर्च वेगळाच.

महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. पण गिऱ्हाईक दुकानात उभं असताना त्याला ते दिसत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली, इथं संताप झाला, आणि मग दुकानात तरुण मुलं येऊन विचारायला लागली, "खरी कशी ओळखायची?" तेव्हापासून काउंटरवर मी दोन चपला शेजारी ठेवते. एक खरी, एक दाबलेली. दोन्ही वाकवून दाखवते, तळ उलटून टाके दाखवते, वास घ्यायला देते. भाव त्यानंतर सांगते. खरी घेणारे त्यानंतरच वाढले.

तेव्हा फ्लायव्हील दादा, तुमच्याही लायनरची कुणी हलकी नक्कल खपवतंय का, ते बघा. तुम्हाला घसरण वाटतेय त्यातला काही वाटा तिकडे गेला असेल.


घाटमाथा · मंगळवार, सकाळी ८:१५

वाखूण साठवली. कापशीताई, +१.


शटल_इचलकरंजी · मंगळवार, दुपारी १:३०

तिसऱ्या वाटेबद्दल, पैसा काढून घेण्याबद्दल, जपून बोला असं सांगायला लिहितोय.

इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. त्यावर शहर उभं राहिलं. आता शटललेस माग, एअरजेट, रेपियर यांच्यापुढं साधा माग टिकत नाही. आमच्या भावकीतल्या काही जणांनी ठरवलं, साध्या मागात आता काही घालायचं नाही, चालेल तेवढं चालवायचं. कागदावर बरोबर होतं. पण खर्च तोडताना पहिला हात कशाला लागतो? देखभालीला. मग तार तुटायला लागली, कापडात गाळे पडायला लागले, व्यापाऱ्यानं दर पाडला. जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा जाणता माणूस, कंटाळून सोडून गेला, आणि तो गेल्यावर माग लावणारं कुणी राहिलं नाही. माग भंगाराच्या दरानं गेले. त्या मागावर उभं आयुष्य काढलेल्या कामगाराला मालकानं काय सांगायचं?

खर्च तोडायचाच तर जाहिरातीचा तोडा, नव्या साच्यांचा तोडा, प्रदर्शनांचा तोडा. मालाचा दर्जा आणि हाताखालचा जाणता माणूस, या दोन ठिकाणी हात लावू नका. आणि कामगाराला आधीच सांगा. शेवटच्या महिन्यात सांगणं हा अन्याय आहे.


ब्रँडबाजी_पुणे · मंगळवार, दुपारी ३:१०

मी मूळचा राजारामपुरीचा, पुण्यात मार्केटिंगमध्ये आहे. जुन्या नावाची ताकद तुम्ही सगळे कमी समजताय. बजाज चेतक १९७२ चं. बंद पडलं, आणि २०१९ मध्ये त्याच नावानं विजेवरची स्कूटर आली. लूनाही १९७२ ची, २०२४ मध्ये ई-लूना म्हणून परत आली. लोकांच्या मनात आठवण असते, तिच्यावर स्वार व्हा. इंजिनाचा आवाज, वडिलांच्या काळातले फोटो, रील बनवा. खर्च फार नाही.


फ्लायव्हील · मंगळवार, रात्री ८:४५

@ब्रँडबाजी_पुणे, उदाहरणं चांगली आहेत, पण नीट बघितलं तर ती माझ्या बाजूनं बोलतात. चेतक परत आली तेव्हा आत जुनं पेट्रोल इंजिन नव्हतं. माल गेला, नाव राहिलं, आणि ते नाव नव्या मालाला दिलं. रील बघून हळहळणाऱ्याच्या घरी इंजिन नाही. त्याला मी काय विकू?

आमच्या नावाला शेतकऱ्याच्या घरात किंमत नाही, मिस्त्रीच्या टपरीत आहे. तोच मिस्त्री आता मोटारी रिवाइंड करतो, पंप खोलतो. त्याला इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) लागतो, केसिंग लागतं, शाफ्टची स्लीव्ह लागते, बुश लागतात. हे सगळं आम्ही करतो त्याच जातीचं काम आहे. बीडच (ओतीव लोखंड) आहे, लेथच आहे. म्हणजे माल उतरतोय, पण गिऱ्हाइकापर्यंतची वाट शाबूत आहे. इतकी वर्षं मी स्वतःला लायनरवाला म्हणत आलो. मला वाटतं उद्यमनगरातल्या बऱ्याच जणांनी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याकडं टिकाऊ काय आहे, माल की माणसं?

@कापशी, ताई, नक्कल आहे. हलक्या बिडाचे लायनर बाजारात आहेत. मिस्त्रीला ते लगेच कळतं, मालकाला हंगाम संपताना कळतं. तुमची दोन वस्तू शेजारी ठेवायची पद्धत उचलतोय. वापरून झिजलेले दोन लायनर उभे चिरून ठेवायचे म्हणजे आतली झीज डोळ्यांना दिसेल.

@शटल_इचलकरंजी, दादा, तुमचं शब्दन् शब्द पटलं.


डार्करूम · मंगळवार, रात्री ९:३०

फोटोच्या धंद्यातून लिहितो. फिल्म गेली तेव्हा कोडॅक आणि फुजी दोघांवर एकच संकट होतं. कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीनं विचारलं, फिल्म बनवता बनवता आपल्याला येतं काय? कोलॅजन येतं, रंग उडू न देणारी रसायनं येतात. त्यातून त्यांनी २००७ मध्ये त्वचेच्या क्रीमचा ब्रँड काढला. आणि झटपट फोटोचा इन्स्टॅक्स कॅमेरा चालू ठेवला, तो आज लग्नामुंजीत तरुण पोरं हौसेनं वापरतात. फ्लायव्हील दादांचा मिस्त्री आणि फुजीचं कोलॅजन, मुद्दा एकच.

उलट बाजूही सांगतो. गोदरेजचा टाइपरायटरचा कारखाना आपल्या शिरवळला होता, २००९ मध्ये उत्पादन थांबलं. थांबणंही योग्यच होतं. रिबन आणि दुरुस्तीवर टाइपरायटर पुढंही कित्येक वर्षं कोर्टाच्या दारात चालत राहिले.


टपरी_राधानगरी · बुधवार, सकाळी ६:५५

मी मिस्त्री हाय. तुमी सगळी आमच्याबद्दल बोलतासा म्हणून लिवतो. टायपिंग पोरगं करतंय.

जादा भाव द्यायला आमची ना न्हाई. आमचा तरास भावाचा न्हाईच. ८० बोअरचा, म्हंजे आतल्या व्यासाचा, लायनर पाहिजे म्हणून एका दुकानात फोन केला, 'हाय' म्हणाले. एसटीनं आलो, तर दुसऱ्याच मेकचा काढून दिला. कॉलर जाड. बसवला तर हेड नीट बसंना, गॅस्केटातनं पाणी. शेतकरी माझ्या दारात. धा रुपयं वाचवायला कोण मागतोय? जे हाय ते हाय म्हणा, न्हाई ते न्हाई म्हणा. आन् बंद करणार असशीला तर वरीसभर आधी सांगा, आमी दोन-चार नग घेऊन ठेवतो.


वाणिज्यसर · बुधवार, सकाळी ९:२०

वरचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे. घसरणीतल्या मालाचा ग्राहक भावाबद्दल नाही, खात्रीबद्दल बोलतो. धागाकर्त्यांनी आता किती प्रकारचा माल ठेवायचा, याचा हिशेब मांडावा.


फ्लायव्हील · बुधवार, रात्री १०:१०

सर, तोच मांडत होतो.

समजा एका जुन्या मेकच्या हेडचे वर्षाला दहा नग जातात आणि नगामागं मला तीनशे रुपये सुटतात. तीन हजार. पण त्यासाठी लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाचे साचे, जपायचे, फौंड्री दहा नगांसाठी बॉक्स लावत नाही म्हणून पन्नास ओतून घ्यायचे, म्हणजे चाळीस नग कपाटात. त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज, गंज, जागा. खतावणीत हा माल नफ्यात दिसतो, प्रत्यक्षात दुसऱ्या मालाच्या जिवावर जगतो. आमच्याकडं असे बरेच प्रकार निघाले. मिस्त्री मंडळींच्या भाषेत 'नावाला ठेवलेला माल'.

तर ठरवलंय ते असं. रोज मागितले जाणारे लायनर, बुश आणि रिंगा पूर्ण राहतील, एकही साइझ कमी होणार नाही, दर्जाला हात लावायचा नाही, आणि भाव थोडा वाढेल. जे मेक क्वचित मागितले जातात त्यांच्या हेडची एकदाच ऑर्डर घेऊ. सगळ्या मिस्त्रींना व्हॉट्सअ‍ॅपवर यादी जाईल, दिवाळी पाडव्यापर्यंत मागणी नोंदवायची, तेवढाच माल ओतायचा आणि पॅटर्न बाजूला काढायचे. डीलरची उधारी बंद. मिस्त्रीला थेट एसटी पार्सलनं माल, पाठवायच्या आधी कॉलरची जाडी आणि बोअरचं माप गेजसकट फोटोत. शेजारच्या दोघांशी बोलणं चालू आहे. ते थांबणार असतील तर त्यांच्या गिऱ्हाइकांना लागणारे स्पेअर आम्ही करू, त्यांचे पॅटर्न योग्य मोल देऊन घेऊ. सरांनी सांगितलेली पहिली वाट छोट्या प्रमाणात अशी जमेल असं वाटतं. दोन्ही टर्नरना परवाच सांगितलं, त्यांतला एक पंपाच्या इंपेलरवर बसणार आहे.

@टपरी_राधानगरी, मामा, तुमच्याकडं आलेला तो लायनर आमचा नव्हता, पण तुमची तक्रार आमच्या सगळ्या गल्लीला लागू आहे. तुम्हाला ८० बोअरमध्ये कुठल्या मेकचा लागतो? जुना लायनर असेल तर कॉलरची जाडी, बाहेरचा व्यास आणि पूर्ण लांबी मोजून पाठवा.


टपरी_राधानगरी · गुरुवार, सकाळी ७:१५

जुना हाय माझ्याकडं. व्हर्नियरनं मोजून पोरगं दुपारी फोटो टाकंल. दोन पाहिजेत, आन् त्याच्याच रिंगांचे दोन सेट. पार्सल राधानगरी स्टँडवर टाका.


गूळमोदक · गुरुवार, सकाळी ८:००

फ्लायव्हील दादा, आमच्या वळखीच्या दोन गुऱ्हाळांवर चरकाला अजून इंजिनच हाय. त्यांचा मिस्त्री कोडोलीचा. त्याला तुमची यादी पाठवतो, तुमी हेडच्या मागणीत त्यांचं बी धरा.